ते जनावर मारले कोणी? : ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ पुन्हा पाहताना

१९७७ साली आम्ही तिघे मित्र पुण्यात बी.एस्‌सी.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. एका रविवारी सकाळच्या खेळाला ‘२००१ : अ स्पेस ओडिसी’ लागला होता. इंग्रजी चित्रपटांतले बोलणे आम्हांला निम्मेच कळे. या चित्रपटात पहिला संवाद कानावर पडायलाच सुमारे पंचवीस मिनिटे लागतात आणि शेवटची वीस-बावीस मिनिटे कोणी बोलतच नाही. त्यामुळे भाषेपुरती आमची सोय उत्तम झाली. मध्यंतरानंतर बऱ्याच खुर्च्या रिकाम्या दिसल्या. शेवट आम्हांलाही कळला नाही. तरीही चित्रपटगृहातून निघून वसतिगृहावर पोहोचेपर्यंत आमच्यापैकी कोणी एक शब्दही बोलले नाही. एरवी असे कधी होत नसे.

पुढे तिघेही शिक्षक झालो. दोघांनी भौतिकशास्त्र शिकवले, एकाने जीवशास्त्र. आता तिघेही निवृत्त आहोत. मागे वळून पाहताना आमच्या शिकवण्यावर या एका चित्रपटाचा किती खोल ठसा होता, ते जाणवते. त्याने आम्हांला एक फार चांगली सवय लावली. त्यानेच आमच्या डोक्यात एक चुकीची समजूतही घातली, आणि ती आम्ही कित्येक वर्षे मुलांना शिकवत राहिलो. या लेखात दोन्हींचा हिशेब मांडायचा आहे.

चित्रपट कसा आहे?

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. दिग्दर्शक स्टॅन्ले कुब्रिक आणि विज्ञानकथालेखक आर्थर क्लार्क यांनी मिळून पटकथा लिहिली. २ एप्रिल १९६८ रोजी वॉशिंग्टनमध्ये चित्रपटाचा पहिला खेळ झाला. ही तारीख महत्त्वाची आहे. माणूस चंद्राभोवती पहिल्यांदा फिरला तो अपोलो-८ मधून, त्याच वर्षीच्या डिसेंबरात, आणि चंद्रावर उतरला जुलै १९६९ मध्ये. म्हणजे चंद्राच्या परिसरात कोणी माणूस गेलेला नसताना हा चित्रपट पूर्ण झाला होता.

सुरुवात होते लाखो वर्षांपूर्वीच्या आफ्रिकेत. तिथले मानवसदृश वानर उपाशी आहेत, भित्रे आहेत. एका पहाटे त्यांच्यासमोर एक गुळगुळीत काळी शिळा उभी असते. त्यानंतर एक वानर सांगाड्यातले हाड उचलते, आपटून पाहते आणि ते हत्यार म्हणून वापरू लागते. आधी शिकार होते, मग पाणवठ्यावर दुसऱ्या टोळीतल्या एका वानराचा खून. विजयाने आकाशात भिरकावलेले हाड खाली येत असतानाच दृश्य बदलते आणि त्याच्या जागी अंतराळात तरंगणारा कृत्रिम उपग्रह दिसतो. पुढे चंद्रावर तशीच शिळा सापडते. मग गुरूकडे निघालेले ‘डिस्कव्हरी’ यान, त्यातला हॅल नावाचा बोलणारा संगणक आणि त्याने केलेल्या हत्या. शेवट गूढ आहे.

प्रथम समीक्षकांची मते टोकाची होती. पॉलिन केल यांच्यासारख्या नामवंत समीक्षिकेने चित्रपटाला झोडपून काढले. तो तगला तरुण प्रेक्षकांमुळे. ते पुन्हापुन्हा येत राहिले आणि या चित्रपटाभोवती भक्तांचा एक संप्रदायच तयार झाला. आम्ही त्यातलेच. भक्त असल्यामुळेच पुढची चूक आमच्या हातून घडली.

शांततेने लावलेली सवय

आधी चांगल्याबद्दल. अंतराळात हवा नाही, म्हणून ध्वनी नाही, हे वाक्य आम्ही पाठ केले होते. परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. पण एखादी गोष्ट माहीत असणे आणि ती पटणे यांत काय अंतर असते, ते या चित्रपटात कळले. बोमन हा अंतराळवीर शिरस्त्राणाशिवाय आपल्या छोट्या यानात अडकलेला असतो. मुख्य यानाचे दार उघडायला हॅल नकार देतो. शेवटी बोमन स्फोट घडवून आणीबाणीच्या दारातून निर्वात कक्षात स्वतःला झोकून देतो. स्फोट दिसतो, त्याचे शरीर कक्षाच्या भिंतींवर आदळताना दिसते, पण कसलाही आवाज नाही. तो धडपडत दांडा ओढतो, दार बंद होते, कक्षात हवा शिरते आणि हवेबरोबर आवाजही येतो.

आमच्या शाळेतला निर्वात पंप वर्षानुवर्षे बिघडलेला होता. काचेच्या हंडीतल्या विजेच्या घंटेचा प्रयोग त्यामुळे फळ्यावरच व्हायचा. पुढे व्हिडिओ कॅसेट मिळाली, तेव्हा आम्ही हा प्रसंग वर्गात दाखवू लागलो. आवाज परत कधी आला, एवढाच प्रश्न मुलांना विचारायचा. हवा आल्यावर, हे उत्तर मुले स्वतः देत.

हा चित्रपट स्वतः काही समजावून सांगत नाही. त्यामुळे आपल्याला तपासून पाहावे लागते. डिस्कव्हरीत एक मोठे फिरते चक्र आहे. त्याच्या आतल्या कडेवरून अंतराळवीर धावताना दिसतो. हे चक्र किती वेगाने फिरायला हवे? चित्रीकरणासाठी बांधलेल्या चक्राचा व्यास ३८ फूट, म्हणजे सुमारे ११.६ मीटर होता. त्रिज्या ५.८ मीटर झाली. अभिकेंद्री त्वरण म्हणजे कोनीय वेगाचा वर्ग गुणिले त्रिज्या. पायांना पृथ्वीइतके, म्हणजे दर सेकंदाला ९.८ मीटर प्रति सेकंद, त्वरण मिळायला हवे असेल तर एका फेरीला सुमारे ४.८ सेकंद लागतील. चंद्राइतके, म्हणजे १.६ पुरत असेल, तर सुमारे १२ सेकंद. क्लार्क यांनी कादंबरीत चंद्राइतकेच गुरुत्व सांगितले आहे. पण पडद्यावरचा माणूस पृथ्वीवर धावल्यासारखा धावतो. शिवाय आणखी एक गंमत आहे. माणूस १.७ मीटर उंच असेल तर त्याचे डोके चक्राच्या केंद्रापासून ४.१ मीटरवर येते. म्हणजे डोक्याशी त्वरण पायांपेक्षा जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी. एवढ्या लहान चक्रात झटकन उठून उभे राहिले तर गरगरायला होईल की नाही? हे गणित आम्ही वसतिगृहात त्याच रात्री केले. सिनेमा पाहून आल्यावर वही उघडण्याची ती आमची पहिली वेळ.

मग चुका शोधण्याचा छंदच जडला. चंद्रावर यान उतरताना उडालेली धूळ हवेत उडावी तशी लोटांनी उडते. निर्वातात प्रत्येक कण स्वतंत्रपणे वक्राकार मार्गाने जाऊन खाली पडेल, लोट तयार होणार नाही. बोमन निर्वातात उडी घेण्याआधी श्वास रोखून धरतो. तसे केल्यास फुप्फुसांतली हवा प्रसरण पावून ती फाटण्याचा धोका असतो, श्वास सोडूनच जायला हवे. ही चूक पुढे क्लार्क यांनीही मान्य केली. तो काही सेकंद शुद्धीवर राहतो ते मात्र बरोबर आहे. १९६६ मध्ये अमेरिकेत निर्वात कक्षातल्या एका चाचणीत तंत्रज्ञाच्या पोशाखातली हवा अचानक गेली. त्याची शुद्ध हरपायला सुमारे चौदा सेकंद लागले आणि वेळेवर हवा सोडल्यामुळे तो वाचला. डिस्कव्हरीला उष्णता बाहेर टाकणारे मोठे पत्रे हवे होते. ते दाखवले नाहीत, कारण प्रेक्षकांना ते पंख वाटले असते.

एक चूक तर चूक आहे की नाही यावर वर्गात वाद रंगत. चंद्राकडे जाणाऱ्या यानात एक प्रवासी नळीने पातळ अन्न ओढतो आणि तोंड काढताच द्रव खाली सरकतो. गुरुत्व नसताना खाली कसा सरकला? मुले हसत. एकदा एका मुलीने सांगितले, की खालचे पाकीट रबरासारखे असेल तर ते पूर्वस्थितीत येताना द्रव आत ओढून घेईल. तिचे म्हणणे खोडून काढता आले नाही.

या सगळ्या चुकांनी आमचे काही नुकसान केले नाही, उलट फायदाच झाला. कारण सरळ आहे. त्या तपासण्याची साधने आमच्या हाताशी होती आणि तपासायची आम्हांला हौसही होती.

जी चूक तपासली नाही

आता दुसरी बाजू. आमच्यापैकी जीवशास्त्र शिकवणारा मित्र जुन्नर तालुक्यातल्या एका शाळेत होता. मानवाच्या उत्क्रांतीचा पाठ तो हाडाच्या त्या प्रसंगाने सुरू करी. आम्ही दोघेही विज्ञान मंडळाच्या कार्यक्रमांत हाच प्रसंग सांगत असू. वानराने हत्यार उचलले, शिकार केली, मांस खाल्ले आणि तो माणूस झाला. हत्यार हे माणसाचे पहिले अवजार आणि हिंसा ही त्याची पहिली पायरी. वाक्य झणझणीत होते. सभागृह गप्प होई. आम्हांला वाटे, आपण विज्ञान सांगतो आहोत.

१९९४ साली मित्राने आठवीच्या वर्गात कॅसेट लावली. प्रसंग संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका मुलाने विचारले, “सर, हाड त्यानं उचललं, पण ते जनावर आधी मारलं कोणी?” मित्र म्हणाला, “म्हातारं होऊन मेलं असेल,” आणि पुढे गेला. मुलगा खाली बसला. उसाच्या पट्ट्यातला मुलगा तो. गोठ्यातून शेळी गेली की ती कोणी नेली, हा तिथे रोजचा प्रश्न. त्याने तोच प्रश्न चित्रपटाला विचारला होता.

त्या प्रश्नाला एक मोठा वैज्ञानिक इतिहास आहे, हे आम्हांला काही वर्षांनी वाचनात आले. दक्षिण आफ्रिकेतले शरीररचनाशास्त्रज्ञ रेमंड डार्ट यांच्या हाती १९२४ साली टाउंग येथील बालकाची कवटी आली. ऑस्ट्रेलोपिथेकस या नावाने त्यांनी तिचे वर्णन केले. तो शोध खरोखर थोर होता. पुढे माकापान्सगाट येथील गुहेत त्यांना हजारो तुटकी हाडे मिळाली. त्यांत काही प्रकारची हाडे फार होती आणि काही जवळजवळ नव्हतीच. हरणांच्या दंडाच्या हाडाची खालची टोके भरपूर होती, वरची अगदी थोडी. डार्ट यांनी निष्कर्ष काढला, की या निवडक हाडांचा आपल्या पूर्वजांनी सोटे आणि सुरे म्हणून वापर केला. १९५३ साली त्यांनी मांडले, की हिंस्र शिकारी होण्यातूनच वानराचा माणूस झाला. रॉबर्ट आर्ड्री या नाटककाराने १९६१ साली ‘आफ्रिकन जेनेसिस’ या पुस्तकातून हे मत घरोघरी पोहोचवले. १९६४ साली, पटकथेवर काम चालू असताना, क्लार्क यांनी ते पुस्तक वाचले होते. पडद्यावरचे हाड तिथून आले आहे.

डार्ट यांचे म्हणणे तपासले सी. के. ब्रेन यांनी. त्यांची पद्धत कोणत्याही शिक्षकाने वर्गात सांगावी इतकी साधी आहे. नामिब वाळवंटातल्या कुइसेब नदीकाठी खोईखोई लोकांच्या वस्त्या आहेत. तिथे शेळ्या खाल्ल्या जात आणि हाडे कुत्र्यांपुढे टाकली जात. ब्रेन यांनी ती उरलेली हाडे गोळा केली आणि मोजली. दंडाच्या हाडाची खालची टोके भरपूर, वरची जवळजवळ नाहीत! वरचे टोक मऊ, सच्छिद्र असते, ते कुत्रे चावून संपवतात. खालचे टणक असते, म्हणून ते उरते. माकापान्सगाटच्या गुहेतला हिशेबही असाच होता. म्हणजे हाडांची निवड कोणी केलीच नव्हती. तरसांसारख्या प्राण्यांच्या दातांतून जे सुटले ते मागे राहिले होते.

दुसरा पुरावा स्वार्टक्रान्सच्या गुहेतला. तिथे मानवकुळातल्या एका बालकाच्या कवटीला दोन भोके होती. त्याच गुहेत सापडलेल्या बिबट्याच्या जबड्यातले खालचे सुळे त्या भोकांत नेमके बसतात, हे ब्रेन यांनी १९७० साली दाखवून दिले. १९८१ मध्ये त्यांचा ग्रंथ आला. शिकारी की शिकार, असा प्रश्न त्याच्या नावातच आहे. डार्ट यांच्या टाउंगच्या बालकाचेही तसेच निघाले. त्याला मोठ्या गरुडासारख्या पक्ष्याने मारले असावे असे १९९५ साली सुचवले गेले आणि २००६ साली डोळ्यांच्या खोबणीतल्या खुणांनी त्याला भक्कम आधार मिळाला. आपले ते पूर्वज खुनी वानर नव्हते, ते इतरांचे भक्ष्य होते.

अवजारांचे काय? १९६० साली जेन गुडॉल यांनी चिंपांझींना गवताची काडी वारुळात घालून वाळवी काढताना पाहिले. गवताच्या काडीचा जीवाश्म मिळत नाही, त्यामुळे पहिले अवजार कोणते ते आपल्या हाती कधी लागेलच असे नाही. आज माहीत असलेली सर्वांत जुनी दगडी अवजारे केनियातल्या लोमेक्वीची, सुमारे ३३ लाख वर्षांपूर्वीची. तो शोध २०१५ साली जाहीर झाला. ती अवजारे ठेचण्या-फोडण्याची आहेत. त्यांच्यावरून खुनाची कथा सांगता येत नाही.

चित्र का टिकले?

आम्हांला स्वतःलाच विचारावेसे वाटते, की धुळीचा लोट तपासणारे आम्ही, ते हाड का तपासले नाही?

एक कारण म्हणजे त्या प्रसंगाचे सामर्थ्य. स्ट्राउसचे संगीत, संथ गतीने उसळणारी हाडे, आणि हाडाचा उपग्रह होणे. हे दृश्य विधान करत नाही. विधान केले असते तर पुरावा काय, असे आम्ही विचारले असते. चित्राला पुरावा मागण्याची सवयच नव्हती. दुसरे कारण अधिक अडचणीचे आहे. आम्हांला ते वाक्य आवडत होते. माणूस मुळातच क्रूर आहे असे म्हटले, की आपण फार खोलवर पाहिले असे तरुणपणी वाटते. आणि तिसरे, धुळीची चूक आमच्या विषयातली होती, हाडाची नव्हती. जीवशास्त्राच्या मित्रालाही ती भक्तीपोटी दिसली नाही.

कुब्रिकवर सगळा दोष टाकणे बरोबर होणार नाही. १९६८ साली तो विचार प्रचलित होता, आणि ब्रेन यांचे काम नुकतेच सुरू झाले होते. कलावंताने आपल्या काळातले विज्ञान घेतले, यात अपराध नाही. शिवाय त्याने त्या हाडातून उभा केलेला प्रश्न, की आपली बुद्धी आणि आपली हिंसा एकत्रच वाढतात काय, तो आजही खोटा ठरलेला नाही. खोटी ठरली ती त्यामागची उत्पत्तिकथा. पण शिक्षकाने तीस वर्षांपूर्वीचे चित्र पुरावा म्हणून वर्गात नेले तर तो दोष शिक्षकाचा.

हे सांगण्याची आज विशेष गरज वाटते. माणसासारखे बोलणारे संगणक आता मुलांच्या हातात आहेत. त्यांची चर्चा निघाली की हॅलचा लाल डोळा कोणाला तरी आठवतोच. हॅल अप्रतिम पात्र आहे. शांत आवाज, मऊ बोलणे, आणि दार उघडायला नकार. पण हॅल हे एका पटकथेतले पात्र आहे. खऱ्या यंत्रांचे धोके काय आणि उपयोग काय, हे त्याच्यावरून ठरवू लागलो तर आपण दुसऱ्यांदा तेच हाड उचलू.

पुन्हा पाहताना

२०१८ साली चित्रपटाला पन्नास वर्षे झाली, तेव्हा आम्ही तिघे एका मित्राच्या घरी जमलो आणि तो पुन्हा पाहिला. या वेळी सुरुवातीचा भाग अगदी लक्ष देऊन पाहिला, आणि आम्ही थक्क झालो. हाडाचा प्रसंग येण्याच्या कितीतरी आधी एक बिबट्या कड्यावरून वानरावर झेप घेतो. मग मेलेल्या झेब्र्यापाशी बसलेला, डोळे चमकवणारा बिबट्या दिसतो. रात्री वानरे कपारीत एकमेकांना चिकटून बसतात आणि बाहेरची गुरगुर ऐकतात. मुलाच्या प्रश्नाचे उत्तर पडद्यावरच होते! इतक्या वेळा पाहूनही आम्हांला ते दिसले नव्हते, कारण आमचे डोळे पुढे येणाऱ्या हाडाकडे लागलेले असत. आणखी एक गोष्ट त्याच दिवशी ध्यानात आली. ज्या प्राण्याची शिकार दाखवली आहे तो टॅपिर आहे. टॅपिर दक्षिण व मध्य अमेरिकेत आणि आग्नेय आशियात राहतो, आफ्रिकेत नाही.

चित्रपटावरचे आमचे प्रेम कमी झाले का? नाही. ती शांतता अजून तशीच अंगावर येते. पण आता तो वर्गात दाखवायचा झाला तर आम्ही वेगळ्या रीतीने दाखवू. बिबट्याच्या झेपेनंतर चित्रपट थांबवावा आणि विचारावे, की इथे कोण कोणाला भितो? हाड उचलल्यावर पुन्हा थांबवावे आणि विचारावे, की हे सांगाडे आले कुठून? मग ब्रेन यांचा प्रयोग सांगावा. गावात मटणाच्या दुकानामागे कुत्र्यांनी चघळून टाकलेली हाडे असतातच. कोणती टोके उरली आणि कोणती संपली, हे मुलांना लांबून पाहून नोंदवता येईल. तेवढे झाले, की मगच ते हाड आकाशात जाऊ द्यावे.

मागच्या बाकावरच्या त्या मुलाने आता चाळिशी ओलांडली असेल. त्याला द्यायचे राहिलेले उत्तर असे : ते जनावर बहुधा बिबट्याने मारले असावे, आणि हाडे तरसांनी मागे ठेवली असावीत. तुझा प्रश्न बरोबर होता. आम्ही त्या वेळी तुला खाली बसवायला नको होते.